नावाचा कडा

तुम्ही कधी एखाद्या आईला आपल्या तान्ह्या लेकराचं नाव घुबडाला सांगताना पाहिलं आहे का?

नसेलच पाहिलं. आपल्याकडे रीत उलटी. दिवेलागणीला घुबड घुमायला लागलं की आई लेकराला नावानं हाक मारत नसे. घुबडाच्या कानावर नाव पडलं तर ते नाव धरून ठेवतं, रोज घोकत बसतं, आणि ते घोकेल तसतसं लेकरू वाळत जातं, असं जुनी माणसं सांगायची. म्हणून संध्याकाळी अंगणाअंगणातून 'ए पोरा', 'ए बाळे' अशाच हाका ऐकू यायच्या.

पण बालाघाटाच्या डोंगरात पळसघळ नावाचं एक लहानसं गाव आहे. तिथे फाल्गुन लागला आणि पळस फुलला की वर्षभरात जन्मलेली लेकरं घेऊन बाया गावामागच्या घळीकडे निघतात. घळ वळत वळत आत जाते आणि शेवटी एका उंच काळ्या कड्याला भिडते. कड्याच्या मधोमध एक कपार आहे. त्या कपारीत दर वसंतात मोठी घुबडं पिल्लं काढतात. कानांवर शिंगांसारखी पिसं, शेंदरी डोळे, आणि अंग असं की खडकाला टेकून बसलं तर खडकच वाटावं. सगळा कडा काळा, पण कपारीच्या वर तेवढा एक फिका डाग आहे. कोणीतरी दोन्ही पंख पसरून उभं राहावं, तसा त्याचा आकार आहे. पाणी झिरपून खडक तिथे फिका पडला असेल, असं काही जण म्हणतात. असेलही. गाव मात्र त्या कड्याला नावाचा कडा म्हणतं आणि त्या डागाची गोष्ट सांगतं.

हल्ली गळ्यात दुर्बिणी अडकवून शहरातले पाहुणे घुबडं बघायला येतात. गावातल्या सुंदराबाई त्यांना घळीच्या तोंडाशी एका सपाट दगडावर बसवतात, आधी गोष्ट सांगतात आणि मग कपार दाखवतात. एका पाहुण्याला फार घाई झाली होती. त्याला त्या म्हणाल्या, "बसा की दादा. घुबड कुठं चाललंय? ते दिवसभर तिथंच बसणार हाय. पळायची घाई तुम्हालाच."

मग त्या पदर सावरतात आणि सांगायला लागतात.

फार जुनी गोष्ट. या गावात धोंडाबाई नावाची एक बाई होती. तिच्या आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून आईबापांनी तिचं नाव धोंडा ठेवलं. दगडाकडे मृत्यू कशाला वळून बघेल, असं त्यांना वाटलं असावं. ती जगली, वाढली, लग्न होऊन पळसघळीत आली. नवरा सटवाजी मनानं चांगला होता आणि बोलायला कमी. घराच्या मागचं दार उघडलं की समोर घळ.

तिचा पहिला मुलगा सोपान. तो बोलायला, धावायला लागला, आणि एका चैत्रातल्या संध्याकाळी खेळता खेळता लांब गेला. धोंडाबाईनं मागच्या दारात उभं राहून हाक मारली, "सोपाना, ये रं घरी!" तिचा आवाज घळीत शिरला आणि तिकडून घुबड घुमलं. सोपान हसत घरी आला. पण त्याच पंधरवड्यात गावात गोवर आला आणि सोपान गेला.

मग गंगू झाली. तिच्या वेळी धोंडाबाई सावध होती, पण माणूस रोज किती सावध राहणार? एकदा गंगू विहिरीच्या काठाकडे चालली आणि आईच्या तोंडून नाव निघून गेलं. वेळ नेमकी तिन्हीसांजेची. घळीतून घुबड घुमलं. गंगूही वसंतातच गेली, तापानं.

त्यानंतर धोंडाबाई पहिल्यासारखी राहिली नाही असं सांगतात. ती काम करायची, जेवायची, कोणी बोललं तर बोलायची. पण फाल्गुन आला आणि घळीत घुबडं घुमायला लागली की ती कानात कापसाचे बोळे घालून मागच्या दाराला पाठ लावून बसायची. सटवाजी दार उघडायला गेला तर म्हणायची, "नका उघडू. ते मोजायलंय, अजून किती राहिली ते."

तिसऱ्या खेपेला मुलगी झाली. बाराव्या दिवशी बायका जमल्या, पाळणा सजवला. सटवाजीची बहीण गोजरबाई, म्हणजे पोरीची आत्या, नाव ठेवायला सासरहून आली होती. तिनं पाळण्यात वाकून पोरीच्या कानाशी तोंड नेलं. कुर्र करणार, इतक्यात धोंडाबाईनं तिच्या तोंडावर हात ठेवला.

"काय करायलीस वैनी?"

"नाव नाही ठेवायचं."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. गोजरबाईला आधी थट्टा वाटली, मग राग आला. "अगं, बिननावाचं लेकरू देवाला तरी कसं सापडावं?"

"सापडूच नये," धोंडाबाई म्हणाली. "देवालाबी नाही अन् त्या घुबडालाबी नाही. कुणालाच नाही."

गोजरबाई पाळणा तसाच एकदा हलवून, घुगऱ्यांना हात न लावता निघून गेली. पोरीचं नाव राहिलं ते राहिलंच. घरात तिला 'पोरी' म्हणत, गावात 'सटवाजीची' म्हणत. पोर मोठी व्हायला लागली तशी आईनं तिला एक गोष्ट रोज बजावली. दिवेलागणीनंतर कोणी हाक मारली तर ओ द्यायची नाही.

"तू मारली तरी?" पोरीनं एकदा विचारलं.

"मी मारली तरी. माझ्या आवाजात घुबडच बोलत असंल. ते म्हणंल, मी तुझी माय हाय. तू गप बसायचं. दातावर दात ठिवून बसायचं."

पोर शहाणी होती. तिनं ते मनात नीट ठेवलं.

पण आईच्या मनात एक चोरी होती. तिनं पोरीसाठी नाव ठरवलेलं होतं. पहाटे ती दळायला बसायची तेव्हा पोर तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायची. जातं घरघरत असायचं, बाहेर काही ऐकू जाणं शक्य नव्हतं. तेव्हा ती वाकून, ओठ पोरीच्या कानाला लावून ते नाव घ्यायची. शेवंता. एकदाच घ्यायची आणि लगेच जात्यात मूठभर जोंधळे जास्त टाकायची, म्हणजे आवाज वाढावा. पोर झोपेत हसायची. जागी असताना तिनं ते नाव कधी ऐकलं नव्हतं.

पोर सहासात वर्षांची झाली आणि शेरडं घेऊन जायला लागली. घळीकडे जायचं नाही, अशी ताकीद होती. पण शेरडांना कुठली ताकीद? वसंतात बाकी रान वाळतं, घळीत मात्र झऱ्याची ओल असते. शेरडं तिकडे, म्हणून पोर तिकडे.

त्या फाल्गुनात घळ कशी होती म्हणता! पळस पेटल्यासारखा फुललेला. फुलाफुलात साळुंक्या आणि बुलबुल चोची बुडवून बसलेले. वडावर तांबट पक्षी दुपारभर टुकटुक करायचा. घोरपड ऊन खात पडलेली असायची, मुंगूस आपली पोरं रांगेनं नेताना दिसायचं. आणि कड्याच्या कपारीत घुबडाची मादी होती. पोरीनं तिला पहिल्यांदा बघितलं तेव्हा तिला तो दगडच वाटला. मग दगडानं डोळे उघडले.

पोर भ्यायली आणि पळाली. दुसऱ्या दिवशी परत गेली. हळूहळू ती झुडपाआड बसून तासन्‌तास बघायला शिकली. हे तिनं कोणालाच सांगितलं नाही. पण एक दिवस आई तिचा परकर धुवायला घेते, तर ओच्याच्या गाठीत एक करडी गोळी. उंदराचे केस, बारीक हाडं, दातांसकट इवलीशी कवटी.

"हे काय गं?"

पोरीला राहवेना. "माय, ती ओकते ही. उंदीर सबंध गिळते अन् हाडं ओकते. तिला तीन पिल्लं हायेत. कापसाच्या बोंडावाणी. दोन मोठी हायेत अन् एक इवलं. मोठी त्याला खाऊच देत नाहीत, पण माय त्यांची त्याला मागून देते. कोल्हा खालून गेला ना, की तिघं अशी गप बसतात, मेल्यावाणी! मग ती वरून घुमली की मगच आवाज करतात. दुसरं कुणी किती ओरडलं तरी नाही करत. कळतं त्यांना, माय."

धोंडाबाईच्या हातातला परकर गळून पडला. जिच्यासाठी तिनं बारसं मोडलं, नणंद तोडली, जिला सात वर्षं जगापासून लपवलं, ती पोर रोज त्या घुबडाच्या दारात जाऊन बसत होती. नाव नसलं म्हणून काय झालं? घुबडानं तोंड तर पाहिलंच.

त्याच संध्याकाळी घुबड कधी नव्हे ते घरामागच्या निंबावर येऊन बसलं आणि घुमलं. पिल्लांसाठी उंदीर धरायला आलं असेल. पण धोंडाबाईला ते कोण सांगणार?

दुसऱ्या दिवशी ती चावडीवर गेली. बाईमाणसानं चावडीवर जाऊन बोलायची तेव्हा पद्धत नव्हती. तिनं पदर पसरला आणि म्हणाली, "होळीच्या दिवशी घळ पेटवा. ती घुबडं जाळून टाका."

माणसं विचारात पडली. सटवाजी मान खाली घालून म्हणाला, "घळीतलं गवत छपराला लागतं. अन् ती घुबडं रानातले उंदीर खातात, त्यांचा काय तरास..."

"तरास नाही?" ती नवऱ्यावर उसळली. "सोपान नेला. गंगू नेली. आता तिसरीची वाट बघू? तुमचं काय जातंय? तुम्ही रानात जाता. त्या दाराला पाठ लावून मी बसते."

तिथल्या बहुतेक घरांतून एखाददुसरं लेकरू वसंतात गेलेलं होतं. भीती सगळ्यांनाच होती, तिनं ती फक्त मोठ्यानं बोलून दाखवली. पाटील म्हणाला, "होऊन जाऊ द्या." ठरलं.

पोरीनं ते ऐकलं. ती रडली, आईच्या पायांना मिठी मारून म्हणाली, "त्यांना उडता येत नाही अजून." आई म्हणाली, "म्हणूनच."

होळीचा दिवस आला. इतक्या वर्षांनी भावानं निरोप धाडला म्हणून गोजरबाईही माहेरी आली होती. संध्याकाळी धोंडाबाईनं पोरीला पुरणाची पोळी वाढली, घरात बसवलं आणि बाहेरून कडी घातली. गावात होळी पेटली. पौर्णिमेचा चंद्र डोंगरामागून वर येत होता. होळीतले पलिते घेऊन माणसं घळीच्या तोंडाशी आली. वारा गावाकडून घळीत वाहत होता. म्हणजे आग आतच जाणार, गावाला भीती नाही. पाटील म्हणाला, "पहिला पलिता धोंडाबाईला द्या. मान तिचा."

तिनं हातानं पलिता लावला. वाळलं गवत तडतडलं, आणि बघता बघता जाळ घळीत शिरला. धोंडाबाई बघत राहिली. तिला वाटलं होतं छाती हलकी होईल. तसं काही झालं नाही.

तेवढ्यात मागून गोजरबाई धावत आली. तिच्या अंगावर पदर नव्हता. "वैनी! पोर घरात नाही! कडी तशीच हाय, गोठ्याच्या कुडाला भोक पाडून गेलीय!"

शेरडं राखणारी एक म्हातारी मागे उभी होती. ती म्हणाली, "मघाशी घळीकडं पळताना दिसली की. मला वाटलं, होळीच बघायला चाललीय."

धोंडाबाई जाळातच शिरायला गेली, बायांनी तिला धरलं. पुरुष घोंगड्या भिजवून आग झोडपायला लागले, पण वारा थांबेना. घळीच्या डाव्या अंगाला शेरडांची एक पाऊलवाट होती. तिथे गवत विरळ होतं, तिथून आत जाता येत होतं. पण जायचं कुठे? घळीला वळणं किती, कपारी किती, आणि धूर असा की स्वतःचा हात दिसेना.

सगळे ओरडायला लागले. "ए पोरी! पोरी गं! ओ दे!"

होळीसाठी जमलेल्या गावातल्या पोरी तिथेच कडेला उभ्या होत्या. त्या घाबरून म्हणायच्या, "ओ! आम्ही इथं हाव!" परत हाक, "ए पोरी!" परत तिथूनच उत्तर, "ओ!" एका माणसानं संतापून त्यांना दटावलं, "तुम्ही गपा गं! सटवाजीची पोर! सटवाजीची!" घळीतून मात्र काहीच आवाज आला नाही.

तेव्हा धोंडाबाईला कळलं. पोर ऐकत होती. जिवंत होती, जवळच कुठेतरी होती आणि ऐकत होती. पण दिवेलागण होऊन गेली होती, आणि आईनं शिकवलेलं ती विसरली नव्हती. दातावर दात ठेवून ती गप्प बसली होती.

"पोरी, मी माय हाय गं तुझी!" ती किंचाळली. "खरीच माय हाय! ओ दे!"

आणि बोलता बोलताच तिला आठवलं, घुबड नेमकं हेच म्हणेल, असं तिनंच सांगितलं होतं.

धुराचा पडदा वाऱ्यानं क्षणभर बाजूला झाला आणि वर कडा दिसला. कपारीच्या तोंडावर घुबड उभं होतं. दोन्ही पंख पसरलेले, पिसं फुलवलेली, जाळाच्या उजेडात डोळे निखाऱ्यासारखे. ते चोचीनं टकटक आवाज करत होतं, आगीला भिववत होतं. त्याच्या मागे कपारीच्या अंधारात काय होतं ते दिसत नव्हतं.

धोंडाबाई त्याच्याकडे बघत राहिली. तिच्याजवळ फक्त एकच गोष्ट उरली होती. असं एक नाव, जे त्या पोरीशिवाय कोणाचंच नव्हतं, आणि आईशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं. ते घेतलं तर समोर घुबड ऐकणार. सोपानाचं ऐकलं, गंगूचं ऐकलं, तसं हेही ऐकणार. न घेतलं तर पोर तिनंच लावलेल्या आगीत जळणार. सांगणारे म्हणतात, दोन्हीकडून लेकरू जाणार, एवढंच तिला त्या वेळी दिसत होतं. आज जाणार की पंधरवड्यानं जाणार, एवढंच काय ते तिच्या हातात होतं. तिनं पंधरवडा मागून घेतला.

घुबडाकडे बघतच तिनं हाक मारली, "शेवंतेऽऽ!"

गोजरबाईनं दचकून तिच्याकडे बघितलं. सात वर्षांनी भाचीचं नाव तिच्या कानावर पडत होतं. बायांनी आपापल्या पोरींचे कान झाकले.

"शेवंते! अगं शेवंतेऽ!"

आणि धुरातून बारीक आवाज आला. झोपेतून उठल्यासारखा. "ओ!"

सटवाजी तोवर भिजलेली घोंगडी डोक्यावर घेऊन पाऊलवाटेवर उतरला होता. तो वळून ओरडला, "थांबू नको! हाक मारत ऱ्हा! आवाजावर जातो मी!"

एकदा नाव घेऊन तिची सुटका होणार नव्हती. बापाला धुरात वाट दिसत नव्हती. पोरीच्या 'ओ'वरच त्याला पाऊल टाकायचं होतं, आणि आईनं नाव घेतल्याशिवाय पोर 'ओ' देणार नव्हती. धोंडाबाई हाका मारत राहिली. शेवंता. ओ. शेवंता. ओ. प्रत्येक हाकेला तिला वाटायचं, आपण आपल्या हातानं पोरीचा एकेक घास घुबडाला भरवतोय. गळा बसला, खाकरून तिनं परत हाक मारली. मग गोजरबाई तिच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि तीही हाक मारायला लागली. आत्याचाच मान तो. वैनीचा आवाज फुटेनासा झाला तेव्हा नणंदेनं तिची हाक पुढे नेली.

मग 'ओ' यायची थांबली.

त्या वेळी घळीच्या तोंडाशी सगळं गाव उभं होतं. फक्त जाळाचा आवाज. धोंडाबाई खाली बसली. तिनं माती मुठीत धरली होती.

धुरातून आधी घोंगडी दिसली. सटवाजी वाकून चालत होता, केस होरपळलेले, आणि पोर त्याच्या छातीशी होती. तिनं परकराचा ओचा दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. बाप म्हणाला, "त्या घुबडाच्या कपारीतच बसली होती. ते पुढं पंख पसरून उभं. माझ्याकडं डोळे वटारले त्यानं, पण हललं नाही. पोर होती तिथं जाळ पोचलाच नव्हता."

पोरीनं ओचा उघडला. आत एक पिल्लू होतं, कापसाच्या बोंडासारखं, काजळी लागलेलं. इवलं तेच. "मोठी दोघं भिऊन कपारीबाहेर पळाली," ती म्हणाली. "मला धरता नाही आली." आणि आगीत असताना न रडलेली ती पोर तेव्हा रडली.

गावातलं कोणीतरी म्हणालं, ते पिल्लू टाका आगीत. धोंडाबाईनं त्या माणसाकडे नुसतं बघितलं. तो मागे सरला.

घरी येऊन तिनं पोरीला निजवलं आणि पिल्लाला टोपलीत ठेवलं. मागचं दार मोडल्यासारखं उघडंच होतं, लावायचं कोणाला सुचलं नाही. घळ धुमसत होती. कड्यावरून घुबड घुमायला लागलं. आज धोंडाबाईनं कानात बोळे घातले नाहीत. आता लपवायला काय उरलं होतं? ती ऐकत बसली. घुबड घुमायचं आणि थांबायचं. परत घुमायचं, परत थांबायचं. घळीतून त्याला कोणी उत्तर देत नव्हतं. टोपलीतलं पिल्लू तेवढं दर खेपेला मान वर करून बारीक आवाज करायचं.

सोपान गेला त्या रात्री आपणही असंच अंगणात उभं राहून हाका मारत होतो, हे तिला आठवलं. लोक म्हणत होते, आता कोणाला बोलवायलीस? तरी ती बोलवत होती. तिला वाटलं, घुबडानं नाव धरलं असेल की नाही ते देव जाणे. पण आज ते दुसऱ्या कोणाचं नाव घेत नाही, आपल्याच पिल्लांना बोलवतंय. मग लगेच पोरीच्या कपाळाला हात लावला, तर कपाळ तापलेलं. जाळाच्या धगीनं की त्या नावानं, ते तिला कळेना. पोरीच्या नाकाशी हात धरून ती बसून राहिली.

इथे सुंदराबाई थांबतात. घळीकडे बोट करतात आणि दुर्बिणी वर करायला सांगतात. त्या आगीनं सगळा कडा काळा पडला, फक्त घुबडानं पंख धरले होते तेवढी जागा तशीच राहिली, असं म्हणतात. तोच तो फिका डाग. त्याच्या खाली बघितलं तर कपारीत अजूनही करडा दगड दिसतो. थोडा धीर धरला तर तो डोळे उघडतो.

आजही पळसघळीत कोणी घळीत विस्तव नेत नाही. चूल पेटवायला काडीसुद्धा तिथली आणत नाहीत. आजही त्या वर्षी जन्मलेलं लेकरू कड्याखाली आणतात. पिल्लांना त्रास होऊ नये म्हणून लांब वडाखाली उभं राहतात. आई मोठ्यानं लेकराचं नाव सांगते आणि लेकराला बोलता येत नाही म्हणून आत्या त्याच्या वतीनं 'ओ' देते. मग होळी. गावातल्या प्रत्येक लेकराचं नाव पुकारलं जातं. जोवर शेवटचं लेकरू समोर उभं राहून 'ओ' देत नाही, तोवर होळीला जाळ लावत नाहीत. एखादं खट्याळ पोर मुद्दाम गप्प बसतं, मग त्याची आजी त्याच्या पाठीत धपाटा घालते, आणि 'ओ' कशी खणखणीत निघते! सगळ्यांत शेवटी 'शेवंता' अशी हाक मारतात. तेव्हा सगळं गाव मिळून 'ओ' देतं.

"अन् ती पोर?" पाहुण्यांतलं कोणी ना कोणी विचारतंच. "तिचं नाव घुबडानं ऐकलं ना?"

"ऐकलं की," सुंदराबाई म्हणतात. "पुन्हा पुन्हा ऐकलं."

मग उरलेलं सांगतात. धुळवडीच्या सकाळी, फटफटताना, धोंडाबाईनं पोरीला गोजरबाईच्या मांडीवर दिलं आणि टोपली घेऊन एकटी घळीत गेली. राख अजून गरम होती. शेरडांच्या वाटेनं ती कपारीपर्यंत चढली, पिल्लू आत ठेवलं आणि मागं न बघता उतरली. घरी आली तेव्हा शेवंता उंबऱ्यावर बसली होती. कपाळ गार होतं. तिनं आईकडे भाकरी मागितली, आणि पंधरवडा उलटला तरी रोज मागतच राहिली.